निरोप घेताना

मराठी भाषेने ‘निरोप’ या एकाच शब्दाकडून दोन कामे करून घेतली आहेत. कुणाच्या हाती कुणासाठी काही सांगून पाठवले, तर तो निरोप. आणि घरी आलेला माणूस उंबरठा ओलांडताना घेतो, तोही निरोपच. जुन्या मराठीत आज्ञा, परवानगी असाही त्याचा अर्थ होता. निघणाऱ्याने घरच्यांची अनुज्ञा घ्यावी आणि पुढच्या गावी पोहोचवायचे चार शब्दही बरोबर घ्यावेत, अशी ती रीत असावी. यातले क्रियापद पाहण्यासारखे आहे. मागे राहणारे निरोप देतात, जाणारा तो घेतो. जाणाऱ्याने निघताना काही द्यावे अशी भाषेची अपेक्षा नाही. आपल्याला मात्र त्या घटकेला रिकाम्या हाताने उभे राहणे जड जाते. मग आपण हाताशी जे सर्वांत स्वस्त सापडते ते देऊन टाकतो. ते म्हणजे परत येण्याचे वचन.

परदेशात दीर्घकाळ राहिलेला माणूस कायमचा परत निघतो तेव्हा तिथल्या मित्रांचा निरोप त्याने कसा घ्यावा, हा या लेखाचा विषय आहे. विषय दूरचा वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे. मस्कत, कुवेत, दोहा, दुबई ही नावे आपल्या धर्मग्रामांतील आजीबाईंनाही पाठ आहेत. आखाती देशांतले आपले वास्तव्य नोकरीच्या व्हिसाला बांधलेले असते. वीस वर्षे राबले तरी तिथले नागरिकत्व सहसा मिळत नाही. नोकरी सरली की परवाना सरतो आणि माणूस निघतो. म्हणजे गेल्या दिवसापासूनच परतीचा दिवस नक्की असतो, तारीख तेवढी लिहायची राहिलेली असते. परत येणाऱ्याचे इकडे काय होते, त्याची साठवण, त्याचे अर्धवट बांधलेले घर, त्याला न ओळखणारी त्याची मुले, याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण ज्यांच्याबरोबर त्याने ती वीस वर्षे काढली, जे आजारपणात त्याच्या उशाशी बसले, ती माणसे तिकडेच राहतात. त्यांचे आपण काही देणे लागतो का, आणि लागत असलो तर ते शेवटच्या दिवशी कसे फेडायचे, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

भवानी पेठेत राहणाऱ्याला निरोपाचा अभ्यास मुद्दाम करावा लागत नाही. मागाच्या निमित्ताने तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे सोलापूरच्या या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने कानडीही कानावर असतेच. इथला मराठी माणूस दारातून निघताना ‘येतो’ म्हणतो. त्याचा तेलुगू शेजारी ‘पोयोस्ता’ म्हणतो आणि कानडी शेजारी ‘होगि बर्तीनि’. दोन्हींचा अर्थ एकच, जाऊन येतो. मुसलमान शेजारी ‘खुदा हाफिज’ म्हणून समोरच्याला देवाच्या हवाली करतो. गोव्यातील ख्रिस्ती घरांतला पोर्तुगीज ‘आदेऊस’ तेच करतो आणि इंग्रजी ‘गुडबाय’च्या पोटातही, विसरला गेलेला का होईना, देवच आहे. ‘मी जातो’ असे सरळ म्हणणारा मला आमच्या पेठेत आजवर भेटलेला नाही. चुकून कुणाच्या तोंडून तसे निघालेच, तर घरातली वडीलधारी बाई त्याला थांबवून ‘येतो म्हण’ असे बजावते.

मग आमची अवघी पेठ दिवसातून शंभर वेळा खोटे बोलते काय? तसे कुणी म्हणणार नाही. खोटे बोलणे म्हणजे ऐकणाऱ्याला फसवण्याच्या हेतूने मनात नसलेली गोष्ट बोलणे. ‘येतो’ म्हणणारा फसवत नाही आणि ऐकणारा फसत नाही. दोघांनाही ठाऊक असते, की ही एक सदिच्छा आहे. हे घर मला पुन्हा दिसो, एवढेच तिच्यात आहे. भाषेच्या घरात राहणाऱ्या सर्वांना त्या घराची ही खूण कळते.

अडचण उभी राहते ती या घराबाहेर. आमच्या धर्मग्रामातील एक परिचारिका बावीस वर्षे मस्कतमध्ये नोकरी करून कायमची परत आली. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे. हेही सांगितले पाहिजे, की ही गोष्ट पापनिवेदनातली नव्हे. चर्चच्या व्हरांड्यात, चहाचे कप हातात असताना निघालेली आहे. मस्कतमध्ये तिची एक फिलिपिनो मैत्रीण होती. चौदा वर्षे दोघी एका खोलीत राहिल्या. रुवीच्या संत पेत्र आणि पौल यांच्या चर्चमध्ये शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, दोघी बरोबर मिस्सेला जात. नाताळपूर्वीच्या नऊ दिवसांच्या ‘सिंबांग गाबी’च्या मिस्सांना ही सोलापूरची बाई तितक्याच भक्तीने जाई, आणि ती मैत्रीण जेवणात शेंगांची चटणी आमच्यासारखीच भुरभुरून घेई. शेवटच्या रात्री मैत्रिणीने विचारले, ‘माझ्या मुलीच्या लग्नाला येशील ना?’ हिने उत्तर दिले, ‘आय विल कम.’

इकडे आई अंथरुणाला खिळलेली. साठवलेले पैसे घराच्या स्लॅबमध्ये गेलेले. फिलिपिन्सला जाणे आपल्याकडून होणार नाही, हे तिला त्या रात्रीही ठाऊक होते. तीन-चार महिन्यांनी मैत्रिणीचा निरोप आला, की गावाकडच्या घरात तुझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवायला सांगितले आहे, तिकिटाची तारीख कळव. हा निरोप वाचून दाखवत तिने मला विचारले, ‘फादर, मी खोटं बोलले का? पण निघताना ‘जाते’ असं कसं म्हणायचं?’

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. ती बोलली इंग्रजीत, पण म्हणाली ते मराठीच. तिने आपल्या ‘येते’चे भाषांतर केले. ज्या क्षणी ते शब्द आपल्या भाषेचे घर सोडून दुसऱ्या भाषेत गेले, त्या क्षणी सदिच्छेची हुंडी झाली. आणि पलीकडच्या बाईने ती हुंडी जपून ठेवून मुदतीला वटवायला आणली. परदेशात निरोप घेणाऱ्या आपल्या माणसांकडून हे किती वेळा होत असेल! ‘नक्की येईन’, ‘पुढच्या वर्षी भेटू’, ‘तुम्ही इकडे या, आमचे घर तुमचेच’, असे आपण बोलून जातो आणि विमानात बसेपर्यंत विसरतो. ऐकणारा ते मनात धरून बसतो.

संत ऑगस्टीन या बाबतीत फार कठोर होते. खोटे बोलण्यावर त्यांनी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, एक ३९५ च्या सुमारास आणि दुसरा ४२० च्या सुमारास. भल्यासाठी बोललेले खोटेसुद्धा पापच, ही भूमिका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. सेमिनरीत तरुण विद्यार्थ्यांना ही कठोरता मोठी तेजस्वी वाटते. पुढे धर्मग्रामात वीस-पंचवीस वर्षे माणसांचे ऐकल्यावर धर्मगुरू थोडा मऊ होतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी उपयोगी पडण्यासाठी बोललेले, गमतीने बोललेले आणि अपाय करण्यासाठी बोललेले, असे खोट्याचे तीन वर्ग केले. तिन्ही पापच, पण तिन्हींचे वजन सारखे नाही. वचनाविषयी त्यांनी जे म्हटले आहे ते आपल्याला जवळचे आहे. पाळण्याचा हेतू मनात धरून दिलेले वचन हे खोटे बोलणे नव्हे. पुढे ते मोडले तर विश्वास मोडल्याचा दोष लागू शकतो. पण परिस्थितीच पालटली असेल, तर तोही लागत नाही. याला उदाहरण म्हणून त्यांनी संत पौलाचेच नाव घेतले आहे. पौलाने करिंथकरांना ‘येईन’ म्हणून कळवले होते आणि अडथळे आल्यामुळे तो गेला नाही. करिंथच्या काही मंडळींनी त्यावरून त्याला बोल लावला होता. हा मनुष्य एकाच तोंडाने होय आणि नाही म्हणतो, असा त्यांचा आक्षेप. दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौलाला त्याचे उत्तर द्यावे लागले आहे.

परंतु निरोपाच्या दृष्टीने मला करिंथपेक्षा इफिस अधिक बोलके वाटते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाने एकाच शहराचा निरोप दोनदा घेतलेला आहे आणि दोन्ही निरोप एकमेकांहून अगदी निराळे आहेत. पहिल्या वेळी तो तिथे थोडेच दिवस होता. लोकांनी आणखी राहण्याचा आग्रह केला. तो थांबला नाही, पण देवाची इच्छा असेल तर पुन्हा येईन, असे सांगून गेला. तो आलाही. मग जवळजवळ तीन वर्षे राहिला, म्हणजे त्या फिरत्या माणसाच्या मानाने फारच दीर्घकाळ. त्यानंतरचा निरोप विसाव्या अध्यायात आहे. यरुशलेमला पोहोचण्याची घाई असल्यामुळे तो इफिसला न उतरता पुढे गेला आणि मिलेत बंदरातून माणूस पाठवून त्याने तिथल्या वडीलजनांना बोलावून घेतले. या वेळी ‘देवाची इच्छा असेल तर’ असे तो म्हणाला नाही. माझे तोंड तुम्ही पुन्हा पाहणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. लूक लिहितो, की त्यांना सर्वांत अधिक दुःख याच शब्दाचे झाले. ते रडले, त्याच्या गळ्यात पडले, त्याचे मुके घेतले आणि त्याला जहाजापर्यंत पोहोचवायला गेले.

पौलाला ते दुःख टाळता आले नसते का? ‘बघू, जमले तर येईन’ एवढे म्हटले असते तर सर्व जण डोळे पुसून घरी गेले असते. पण मग ते गळ्यात पडले नसते आणि जहाजापर्यंतही आले नसते. खोट्या दिलाशाने आपण समोरच्याचे दुःख हलके करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याच्याकडून निरोप देण्याचा हक्कच काढून घेतो. शेवटची भेट आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो शेवटच्या भेटीत बोलायचे ते बोलत नाही. मिलेत येथे पौलाने आणखी एक गोष्ट केली, ती वाचताना नजरेतून निसटते. त्याने हिशेब दिला. कुणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, स्वतःच्या हातांनी कष्ट करून स्वतःच्या आणि सोबत्यांच्या गरजा भागवल्या, हे त्याने त्यांच्यासमोर मांडले. मग गुडघे टेकून सर्वांबरोबर प्रार्थना केली. सत्य, हिशेब आणि प्रार्थना एवढेच त्या निरोपात होते. भविष्यकाळाचे वचन नव्हते.

तेव्हा त्या भगिनीला मी पापाचे वजन करून सांगत बसलो नाही. तिचे बोलणे प्रेमातून आले होते, हे तिलाही कळत होते आणि मलाही. एवढेच म्हटले, की इफिसचा पहिला निरोप घेऊन झाला आहे, आता दुसरा घ्यावा लागेल. तिने फोन केला. येणे जमणार नाही आणि ते मला त्या रात्रीही माहीत होते, असे तिने सांगितले. मैत्रीण रागावली. दोन-तीन आठवडे काही बोलणे नव्हते. नंतर एक दिवस तिचा चार शब्दांचा निरोप आला, चटणी संपली आहे. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मस्कतला निघाला होता; त्याच्या बॅगेतून दोन किलो शेंगांची चटणी गेली. दुरावा तेवढ्याने संपूर्ण मिटला की नाही, मी विचारलेले नाही.

यावर कुणी म्हणेल, की हा सर्व विचार आगबोटीच्या काळातला आहे. आज व्हॉट्सअ‍ॅप आहे, खिशात पडदा आहे, मस्कतची मैत्रीण रोज सकाळी डोळ्यांसमोर दिसते. मग निरोप हवाच कशाला? मला या सोयीविषयी तक्रार नाही. पण तिच्यामुळे एक पळवाट मिळाली आहे. ‘अरे, रोज बोलणारच आहोत’ असे म्हणत आपण विमानतळावरची ती अवघड पाच मिनिटे चुकवतो. मग पहिल्या महिन्यात रोज, सहाव्या महिन्यात सणासुदीला आणि तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी मृत्यूची बातमी, अशा क्रमाने मैत्री विझत जाते आणि तिला निरोप कधीच मिळत नाही.

दूर गेलेल्या मित्रांना जवळ ठेवण्याची एक जुनी रीत सांगतो. संत फ्रान्सिस झेवियर मार्च १५४० मध्ये रोमहून निघाले ते संत इग्नाशियस यांचा निरोप घेऊन. प्रवासाला जायचे हे आदल्या दिवशी ठरले, इतकी घाई होती. ७ एप्रिल १५४१ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पत्राला वर्ष लागे, उत्तराला दुसरे वर्ष. आलेल्या पत्रांतील सोबत्यांच्या सह्या झेवियर कापून घेत आणि त्या आपल्या गळ्यात बाळगत. अख्खे पत्र नव्हे. त्या माणसाने स्वहस्ते लिहिलेले त्याचे नाव तेवढे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांचा अंत झाला. रोमला ते कळले नव्हते. जून १५५३ मध्ये इग्नाशियस यांनी त्यांना युरोपात परत या म्हणून पत्र लिहिले. परतीचे आमंत्रण निघाले तेव्हा ज्याला ते पाठवले तो सहा महिन्यांपूर्वीच गेलेला होता. या दोघांची मैत्री मात्र त्या न झालेल्या भेटीमुळे कुठे उणी राहिली, असे म्हणता येत नाही.

निरोप घ्यायला वेळच मिळाला नाही, अशीही माणसे असतात, आणि त्यांचा विचार सोडून हा विषय पुरा होत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथे राहणारे लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले. त्या महाप्रचंड कामाचे कौतुक योग्यच आहे. पण दहा-पंधरा वर्षांचे शेजार एका सुटकेसमध्ये मावत नाहीत. कुणाचा पॅलेस्टिनी भागीदार, कुणाची इजिप्शियन शेजारीण, कुणाचा कुवेती मालक यांना एक शब्दही न बोलता ती माणसे निघाली.

आपल्या पुणे धर्मप्रांताने हे त्याआधीही पाहिले आहे, फक्त उलट बाजूने. पहिल्या महायुद्धात इथे काम करणाऱ्या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंना नजरकैदेत ठेवून पुढे मायदेशी पाठवण्यात आले. ज्यांनी या भागात मराठी शिकून घेतली, खेड्यापाड्यांत शाळा काढल्या, ते एके दिवशी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांतले एक फादर हेन्री डोरिंग. १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यात ‘निरोप्या’ हे मासिक त्यांनीच सुरू केले होते. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले आणि युद्धामुळे त्यांच्याच धर्मप्रांताची वाट त्यांना बंद झाली. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमध्ये हिरोशिमाला झाली. तिथे त्यांनी नवे काम उभे केले आणि १९२७ साली, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, ते पुन्हा पुण्याचे धर्माध्यक्ष म्हणून परत आले. मासिकाला ‘निरोप्या’ हे नाव देणाऱ्या माणसाच्या वाट्याला निरोपाचे इतके प्रकार यावेत, याचे मला नेहमी नवल वाटते. परत येणे त्यांच्या हातात नव्हते, न येणेही नव्हते.

सोलापूरकरांना अशा माणसाची आठवण करून द्यावी लागू नये. भैय्या चौकातून आपण कितीदा जातो! तिथे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेला हा सोलापूरचा मुलगा मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला. जपानने चीनवर आक्रमण केले होते. चीनकडून मदतीची विनंती आली आणि काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बासू आणि कोटणीस. निघताना सोलापूरच्या घरी ते काय म्हणाले असतील, हे सांगायला साक्षीदार नको. इथे सगळे जे म्हणतात तेच.

पुढे एकेक सहकारी आजारपणामुळे वा अन्य कारणाने परत फिरला. १९४० सालापर्यंत तिघे भारतात परतले होते. मागे बासू आणि कोटणीस राहिले, तेही पुढे वेगवेगळ्या ठिकाणी. कोटणीसांचे वडील ते चीनमध्ये असतानाच वारले. परत जाण्याचे ते कारण पुरेसे होते आणि कुणी नाव ठेवले नसते. ते गेले नाहीत. १९४१ साली ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच वर्षी त्यांनी तिथल्या परिचारिका-शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि त्याचे नाव ‘यिनह्वा’, म्हणजे भारत-चीन, असे ठेवले गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. त्यांनी अखेरीस स्वीकारलेल्या साम्यवादी पक्षाशी माझ्यासारख्या धर्मगुरूचे जमणारे नाही, हे उघड आहे. पण अपरिचितांच्या जखमा धूत राहिलेल्या माणसाचा पक्ष विचारण्याची सवय दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याने आपल्याला लावलेली नाही.

आता त्या ‘येतो’चे काय करायचे? १९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर इंग्रजी पुस्तक लिहिले. एक जण परत आला नाही, हाच त्याच्या शीर्षकाचा आशय. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. लोकांच्या मनात कोटणीस हे न परतलेले म्हणूनच राहिले. अक्वायनसच्या कसोटीवर त्यांचा शब्द खोटा नव्हता आणि मोडलेलाही नव्हता. पण कसोटी आईला सांगून भागत नाही. सोलापूरच्या घराने चार वर्षे ज्या शब्दावर काढली, तो शब्द इथे कुणाला तरी परत आणून द्यावा लागणारच होता.

बासू १९४३ साली भारतात आले. मित्राला जिथे पुरले त्या देशाचा निरोप घेऊन आलेला तो शेवटचा माणूस. पुढे त्यांनी चीनमध्ये जाऊन ॲक्युपंक्चरची विद्या शिकून घेतली, ती भारतात आणली आणि कोटणीसांचे नाव जागते ठेवण्याच्या कामात ते राहिले. मी वर म्हटले, की जाणारा निरोप ‘घेतो’. काय घेतो, याचे बासूंइतके नीट उत्तर मला दुसरे ठाऊक नाही. परत येण्याचे वचन देऊन ते निघाले की नाही, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत गौण होऊन जातो.

१९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले आणि ‘मैत्री’ हा शब्द काही काळ उच्चारणे कठीण झाले. १९६७ साली यिनह्वा वैद्यकीचे शिक्षण पूर्ण होण्याच्या बेतात असताना वारला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्या बाईकडे नवऱ्याच्या देशाशी बांधणारे रक्ताचे कुणी उरले नव्हते. तरीही क्वो चिंगलान भारतात येत राहिल्या, एकदा नव्हे, अनेकदा. कोटणीस कुटुंबीयांना भेटत राहिल्या. २०१२ साली त्या वारल्या. पुढच्या वर्षी चीनचे पंतप्रधान मुंबईत आले तेव्हा त्यांनी कोटणीसांच्या वृद्ध भगिनीची भेट घेतली, आणि वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र आले. त्या छायाचित्रापेक्षा मला दुसरेच एक दृश्य अधिक वेळा डोळ्यांसमोर येते, जे मी पाहिलेले नाही: आपल्याला न येणारी भाषा बोलणाऱ्या सासरच्या घरात ही चिनी बाई पहिल्यांदा शिरते आहे, आणि दारातली माणसे तिला ‘या’ म्हणत आहेत.